निळं दार

मोरेश्वरने पाना लावताच भंगारवाले इस्माईलभाई ओरडले, "साहेब, त्या निळ्या फियाटला हात लावू नका!"

मोरेश्वर हिरमुसला. त्याच्या पांढऱ्या फियाटचं डावं दार गंजून गळायला आलं होतं आणि परवडेल असं दुसरं कुठेच मिळत नव्हतं. या गाडीवर मात्र झेंडूचा ताजा हार होता.

"मालकीणबाई दर दसऱ्याला येऊन पूजा करतात. तोडायला मन होत नाही."

गाडीमागून पूजेचं ताट घेऊन एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. "काढू द्या त्यांना, इस्माईलभाई. आमच्या ह्यांना गाडी नुसती उभी बघवायची नाही."

पुढच्या दसऱ्याला मोरेश्वर मुद्दाम गाडी घेऊन तिथे गेला. बाईंनी पांढऱ्या गाडीच्या निळ्या दाराला हळदकुंकू वाहिलं आणि जुन्या सवयीने ते उघडून आत बसल्या.

"चला. पण सावकाश चालवा हं."