राहिलेलं जावळ

कुंकवाच्या डबीत तीनशे अकरा केस होते. मी चिमट्याने दोनदा मोजले. सर्वांत लांब केस चार सेंटिमीटरचा होता.

"आमच्या बाळाचं जावळ," गोदावरी म्हणाली. "काढलं आणि पंधरा दिवसांत तोच गेला. झटके यायचे. नदीत सोडायचं राहूनच गेलं."

जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या त्या वस्तीत आम्ही मुलांच्या रक्तातलं शिसं मोजत होतो. ते केसांतही सापडतं, हे तिला कळलं होतं.

"तपासणीत केस विरघळतात, वहिनी. परत मिळणार नाहीत."

"नाही मिळाले तरी चालतील. सासूबाई चारचौघांत म्हणतात, माझं दूध बाधलं. एकदा कागदावर येऊ दे, काय बाधलं ते. पण तो तर घरातच असायचा. शिसं येईल कुठून?"

"कामावरच्या कपड्यांतून येतं," मी म्हणाले.

तिने डबीचं झाकण पदराने पुसलं. मग हळूच म्हणाली, "हे आल्या आल्या त्याला छातीशी धरायचे. अंघोळीलाही थांबायचे नाहीत."

अहवालाच्या दिवशी नवरा सोबत होता. तो बाहेर चपला काढत असताना ती माझ्या कानाशी आली. "जास्त निघालं असेल तर कमी सांगा, मॅडम. माझं दूधच बाधलं म्हणू दे सगळ्यांना."

तेवढ्यात तो आत आला. त्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि अक्षरांवर बोट ठेवत मोठ्याने वाचला.

"केसांतील शिसे. मर्यादा, प्रति ग्रॅम दहा मायक्रोग्रॅम. आढळले, सत्तेचाळीस."