वीस मुलांचं वाचनालय

दिवसाला वीस मुलं आली नाहीत, तर बालवाचनालयाला कुलूप लागणार होतं. भाचीने वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंना संगणकावर क्वेरी लिहून दिली होती. "मावशी, बटण दाब, आजच्या नोंदी मोजून येतील. बोटांवर मोजत बसू नकोस!"

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. रस्ता खणलेला, त्यामुळे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. संध्याकाळी दाराला आतून कडी घालून बाईंनी जड मनाने बटण दाबलं. शून्य.

राहवेना म्हणून पुन्हा दाबलं. चार.

"अगंबाई!"

पुन्हा दाबलं. तेरा. पाठीमागे छोट्या खुर्च्या सरकल्या.

"हळू रे, ढकलाढकली नको," बाई सवयीने म्हणाल्या.

एकोणीस.

"अजून एक कुठे राहिलं?" त्यांनी मागे न वळताच विचारलं.

टेबलाखालून कोणीतरी त्यांची बाही हळूच ओढली.