विरजणाची माळ

यंत्र पुन्हा ओरडलं. चकचकीत स्टीलच्या अंगावर निळी अक्षरं उमटली: विरजण घाला.

"घालतो, घालतो. वाघ लागलाय का तुझ्या मागं?" गुडमुंड म्हणाला. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सकाळपासून तो यंत्राशीच बोलत होता. ऑस्लोच्या लेकीनं नाताळाची भेट म्हणून ते महिनाभर आधीच धाडलं होतं. "बाबा, एकट्या माणसाला दीडशे लिटरचा हंडा कशाला? लाकडं फोडता, धूर खाता, मग कंबर धरून बसता." खरंच होतं. हंडा उचलायला दोन माणसं लागत, आणि गुडमुंडच्या घरात मोजून एक होता. तेव्हा तांब्याचा हंडा गोठ्यात पालथा पडला आणि त्याच्या जागी हे आलं. यानं बिअरसाठी जवाचा काढा आपला आपण ढवळला, आपला आपण उकळला, आपला आपण कोमट केला. गुडमुंडनं नुसतं स्टुलावर बसून बघायचं. इतकी सोय, इतकी सोय, की त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं होतं.

आता विरजण. ते भिंतीवर होतं. खुंटीला लाकडी कड्यांची एक माळ टांगलेली असे, रान्हिल्डनं लग्नात माहेराहून आणलेली. दर वर्षी बिअर फसफसली की ती माळ फेसात बुडवायची आणि वाळत टांगायची. कड्यांच्या फटींत विरजण सुकून बसायचं आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत झोपून राहायचं. रान्हिल्डला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या घरात तिचं जिवंत म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

गुडमुंडनं माळ काढली. ती पांढरीशुभ्र होती. त्यानं नाकाशी धरली. दर वर्षी संत्र्याचा वास यायचा. आज साबणाचा आला.

तेव्हा त्याला आठवलं. छापील शब्द तो बायबलच्या खालोखाल मानायचा, आणि यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं: बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू सोबतच्या औषधात रात्रभर बुडवून ठेवा, जंतू मरतील. त्यानं डाव बुडवला, नळी बुडवली, झाकण बुडवलं. आणि माळ बुडवली. लोकांच्या आनंदावर विरजण पडतं. यानं विरजणावरच औषध ओतलं होतं.

यंत्र ओरडलं.

गुडमुंडच्या दरीत म्हणतात, आपलं विरजण शेजाऱ्याच्या घरी असतं. घरं जळतात, माळा कुजतात, म्हणून प्रत्येक घर आपलं विरजण शेजारी देऊन ठेवतं. रान्हिल्डनं ते टोरगील्सकडे दिलं होतं. आणि टोरगील्सशी गुडमुंड अकरा वर्षं बोलत नव्हता. रान्हिल्डच्या मयताच्या दिवशी टोरगील्सच्या मेंढ्यानं गुडमुंडच्या परसातला बिअरचा आंबलेला चोथा खाल्ला, तो झिंगला, आणि त्यानं पाद्रीबुवांना अशी ढुशी दिली की 'मातीस माती' म्हणायच्या आधीच बुवा मातीत. मेंढ्याचा कुणाला राग नव्हता. फाटक कुणी उघडं टाकलं, यावरून जे वाजलं ते वाजलं.

उद्यापर्यंत काढा नासणार होता. पण काढ्याचं काय, तो पुन्हा करता आला असता. गुडमुंडनं कोटाखाली रिकामी बरणी घेतली आणि गुडघाभर बर्फातून तो निघाला.

"मेंढा बांधलाय का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"सात वर्षांपूर्वी मेला. आत ये, घर गार होतंय."

टेबलाला खुर्ची एकच होती. दुसरी टोरगील्सनं माळ्यावरून उतरवली, तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली.

"विरजण हवंय," गुडमुंड म्हणाला.

"तुझ्या माळेला काय झालं?"

"धुतली."

"धुतली! इस्त्री नाही केलीस?"

"इस्त्रीचं पुस्तिकेत नव्हतं."

टोरगील्स हसला नाही. तो तळघरात उतरला आणि एक बरणी घेऊन वर आला. तळाशी घट्ट, पिवळसर साका. वर कागद चिकटवलेला: रान्हिल्ड. खाली याच ऑक्टोबरची तारीख. मग त्यानं मगभर बिअर गुडमुंडपुढं ठेवली आणि स्वतःसाठी कॉफी ओतली.

गुडमुंडनं बरणीचं झाकण उघडलं. संत्रं. सगळ्या खोलीभर संत्रं. मग त्याची नजर पुन्हा तारखेवर गेली आणि त्यानं झाकण टेबलावर आदळलं. बरणीतलं ओलं विरजण वर्षभराच्या वर टिकत नाही. दर वर्षी ताज्या काढ्यात घालावं लागतं, नाहीतर मरतं. म्हणजे हा दर वर्षी बिअर करत होता. एकही साल न चुकवता. पलीकडच्या घरात गुडमुंड भिंतीवरच्या माळेकडे बघत एकटा बसलेला असताना.

"माझ्या बायकोच्या विरजणावर अकरा वर्षं मजा मारलीस," तो म्हणाला. "आणि आज माझ्यासमोर एक घोटसुद्धा घेववत नाही तुला?"

टोरगील्सनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"मजा मारली ती डुकरांनी, बिअर दर वर्षी त्यांनाच घालतो," तो म्हणाला. "मला डॉक्टरांनी थेंब बंद केलाय, रान्हिल्ड गेली त्याच वर्षापासून."