आदितीच्या सीड्या

ड्राइव्हनं सीडी आत ओढून घेतली, जरा घरघरला आणि लॅपटॉपवर पुन्हा आदितीच आली. फुगीर बाह्यांचा फ्रॉक, तोंडभर क्रीम, मागं टाळ्या वाजवणारी आई. अंजनानं आवाज बंद केला.

आदितीचं डोहाळजेवण रविवारी होतं. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर तिचं लहानपण दाखवायचं, असं सासरच्यांनी ठरवलं होतं. "आक्का, माझ्या तेवढ्या सीड्या कॉपी करून ठेव की," आदितीनं पुण्याहून फोनवर सांगितलं. "तुलाच कळतं त्यातलं."

अंजना कागलच्या एमआयडीसीत नोकरीला होती. तिथंच काम करणाऱ्या सम्राटनं तिला हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. ते फुकटचं, त्याचा कोडही सगळ्यांना खुला. सीडी घालायची, आतली फिल्म निवडायची, बटण दाबायचं; थोड्या वेळानं मोबाईलवर चालेल अशी फाईल तयार. काम सोपं होतं. ते बघत बसणं अवघड होतं.

कारण सगळीकडं आदितीच होती. आदितीचे वाढदिवस, आदितीची सायकल, गॅदरिंगमधला आदितीचा नाच. अंजना दिसलीच तर कोपऱ्यात, बहिणीची सायकल मागून धरलेली.

खरं तर अण्णांनी कॅमेरा घेतला, तेव्हाचं तिला चांगलं आठवत होतं. तो छोट्या सीडीवरच रेकॉर्ड करायचा. भरली की काढून ठेवायची, दुसरी प्रत नाही. तिच्याही वाढदिवसाला अण्णा डोळ्याला कॅमेरा लावून "अंजू, हिकडं बघ. हास," म्हणायचे. ती हसलीही होती. मग ते हसणं गेलं कुठं?

गॅदरिंगच्या नाचाची फाईल तयार झाली. सगळे पाव्हणे रविवारी ह्यालाच टाळ्या वाजवणार. अंजनानं ती पुसून टाकली.

"नाच निघाला का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"न्हाय. सीडी खराब झालीया."

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी सीडी तिच्या हातातून घेतली, खिडकीच्या उजेडात तिरकी करून बघितली. एक ओरखडा नव्हता.

"कोरी करकरीत हाय की," ते म्हणाले. "कुणी सारखी लावली असती तर खराब झाली असती."

अंजनाचा चेहरा तापला. चोरी सापडल्यावर माणूस एकतर गप्प बसतं, नाहीतर भांडतं. ती भांडली.

"व्हय, पुसली मी! सगळं तिचंच! घर तिचं, कॅमेरा तिचा, तुमीबी तिचंच. माझी एक तरी सीडी दाखवा, अण्णा. एक!"

"तुझ्याबी हुत्या."

"मग कुठं हायत?"

अण्णांनी हातातली सीडी टेबलावर ठेवली. आई दारात आली. पदराला हात पुसत तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"आवो, आता बास झालं की," ती म्हणाली.

अंजनाला वाटलं, आई भांडण थांबवायला बघतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कुणाला काही न सांगता गाडीवरनं बाहेर पडले. जेवणवेळेला परत आले, तेव्हा हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती लॅपटॉपशेजारी ठेवली.

"बिद्रीच्या बायडाबाईच्या सीड्या हायत ह्या. अडकाय लागल्यात म्हणती. काय निघतंय का बघ."

"कोण बायडाबाई?"

"हाय वळखीची. साखर कारखान्याच्या कँटीनला असती."

"म्हंजे आता गावाच्याबी सीड्या मीच करायच्या?"

"एवढ्या कर, अंजू."

अण्णांचा आवाज वेगळाच लागला होता, म्हणून तिनं वाद वाढवला नाही. ते पायरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसले. आईनं गॅस बंद केला आणि तीही त्यांच्याजवळ जाऊन बसली.

सीड्यांचे हाल बघवत नव्हते. घासून पांढुरक्या पडलेल्या, कडेला बोटांचे मळकट ठसे. हँडब्रेकनं हात टेकले. मग अंजनानं दुसरं सॉफ्टवेअर लावलं. तेही खुलंच, पण चिवट. वाचता येईल तेवढं आधी वाचून घेतं, मग खराब जागी पुन्हापुन्हा फिरून येतं. आकडा मुंगीच्या पावलानं सरकू लागला.

इतक्या वेळा कोण लावून बघतं? तिला सीडीतल्या त्या अनोळखी पोराचाही हेवा वाटला. ज्या कुणाचं असेल, नशीबवान म्हणायचं.

शेवटी एक फाईल उघडली. चौकोन चौकोन फुटलेलं चित्र थरथरत जागेवर आलं. पिवळा फ्रॉक घातलेली, पुढचा दात पडलेली एक पोरगी. मागं ह्याच घराचं निळं दार.

अंजना खुर्चीतून अर्धी उठली. तिनं दुसरी सीडी लावली, तिसरी लावली. शाळेचा पहिला दिवस, बाहुबलीच्या डोंगरावरची सहल, बक्षीस घेताना, तापातून उठल्यावर मऊ भात खाताना. आदिती कुठंच नव्हती. सगळीकडं अंजनाच होती, मधोमध, जवळून, चेहरा पडदाभर.

"आई! माझ्या सापडल्या की सीड्या!" ती ओरडली.

तिला हसू आवरेना. आदितीचा नाच लगेच पुन्हा कॉपी करून ठेवावा, फोन करून तिला सगळं सांगावं, असं तिला वाटलं. पण आधी हे नीट बघायचं होतं. तिनं पिवळ्या फ्रॉकची फाईल अगदी सुरुवातीला नेली आणि आवाज वाढवला.

पडद्यावर नुसता केक होता. कॅमेरा धरलेले अण्णा हळू आवाजात बोलत होते.

"बायडाबाई, तुझी लेक बघ. आज सात वर्षांची झाली."