वाढतं वय

स्वराजचा वाढदिवस, म्हणून सुवर्णाताईंनी दुपारीच औक्षणाचं ताट तयार केलं. इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये पडदे ओढलेले होते आणि टीव्हीवरच्या मैदानाचा हिरवा उजेड भिंतींवर पाण्यासारखा हलत होता. त्यांची मुलगी हर्षाली फुटबॉलचा गेम खेळत होती. तिच्या संघात दहा नंबरला स्वराजदादा होता. तिनेच बनवलेला, डावखुरा, मोजे घोट्यांवर घसरलेले.

"आई, गेमचं नवीन अपडेट आलंय. लोक कधीचे मागे लागले होते. आता खेळाडू अगदी खऱ्यासारखे थकतात, त्यांचं वय वाढतं."

सुवर्णाताई टीव्हीजवळ सरकल्या. धावणाऱ्या स्वराजच्या कानशिलावर थोडं पांढरं दिसत होतं.

"तुझ्या बाबांवर गेलाय. त्यांचेही असेच लवकर पिकले."

"तुला बघवत नसेल तर बंद करते. मग दादा कायम एकोणीसचाच राहील."

"नको गं." त्यांनी निरांजन लावलं आणि ताट टीव्हीसमोर हळूच ओवाळलं. "एकोणीसचा तो हार घातलेल्या फोटोत आहेच. इथं त्याचे केस पिकू देत."