दोरीच्या आत

मुंबईच्या त्या कलादालनात रुख्मिणीबाईला दोरीच्या आत बसवलं होतं. हातात सुई, मांडीवर कापड आणि समोर चकचकीत बुटांची रांग. अंगावर घेरदार फेटिया घागरा, पाठीवर नाड्यांनी बांधलेली कांचळी चोळी आणि उघडी पाठ झाकत डोक्यावरून खाली आलेली ओढणी. "पुऱ्या पोशाखात ये, याडी," असं देविदासने तांड्यावरच बजावलं होतं. काचेच्या पेट्यांवर 'हात लावू नये' अशी पाटी होती. रुख्मिणीबाईवर पाटी नव्हती. त्यामुळे दोघीतिघींनी तिच्या हातातला चुडा खुशाल चाचपून पाहिला.

देविदास तिचा थोरला मुलगा; आईला तो याडी म्हणे. हिंगोली-वाशीमकडचे बंजारा तांडे पालथे घालायचे, म्हाताऱ्यांच्या पेट्यांतलं जुनं भरतकाम बाहेर काढायचं आणि बदल्यात स्टीलचं पातेलं टेकवायचं, हा त्याचा धंदा. कनेरगाव नाक्यावर त्याला भांडेवाला म्हणायचे. इथे सगळे 'राठोडसर' म्हणत होते आणि नव्या कोटात तो तसा दिसतही होता.

दुपारी रुख्मिणीबाई पाणी प्यायला उठली. मधल्या पेटीभोवती गर्दी होती. दाढीवाला एक तज्ज्ञ छडीने काहीतरी दाखवत होता. तिने माणसांच्या फटीतून पाहिलं. काचेच्या आत, डोकं नसलेल्या तारेच्या धडावर एक कांचळी चढवली होती. वरून दिवा सोडलेला.

"हा पांढरा गोल पाहा," तज्ज्ञ म्हणाला. "सगळीकडे आरसे आणि एकच पांढरा गोल. हे चंद्राचं प्रतीक आहे."

तो चंद्र म्हणजे शर्टाचं बटण होतं. बहात्तरच्या दुष्काळात अंगावर पिताना देविदासने तिथला आरसा ओढून तोंडात घातला होता. रुख्मिणीबाईने बोट घालून तो बाहेर काढला आणि आरशाच्या जागी नवऱ्याच्या शर्टाचं बटण टाकलं. ते टाके तिचेच. ते तिने लांबूनही ओळखले.

"आणि छातीवरचा हा पिवळट डाग," छडी सरकली. "आम्ही मुद्दाम धुतला नाही. यात त्या स्त्रीचा गंध आहे."

माना लांबल्या. जाड चष्म्याचा एक माणूस तर काचेला नाक लावून उभा राहिला. रुख्मिणीबाईने हातातला पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. तो डाग दुधाचा होता.

तिने देविदासला कोपऱ्यात ओढलं.

"माही कांचळी हाय ती."

"हळू बोल, याडी."

"टाका दाखवतो अन् आणून देतो म्हणला व्हता तू."

"मंग? दाखवूनच राहिलो न."

"माणसं वास घेऊन राहिली तिचा. झाक ते."

"कला हाय ती. तुला न्हाई समजायचं."

"मला काहून न्हाई समजायचं? तू पेला हायस तिथं."

देविदासने इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात संयोजक बाई वही घेऊन आल्या. कांचळीच्या चिठ्ठीवर साल राहून गेलं होतं. "किती जुनी धरायची, राठोडसर?"

"ऐंशी वर्षं," देविदास म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे हे बोलून त्याची जीभ सरावली होती. "आजीची हाय."

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

रुख्मिणीबाई पेटीकडे वळली. झाकायला काही मिळतं का म्हणून तिने दालनभर नजर फिरवली. भिंतीभिंतीवर कपडेच कपडे होते आणि सगळे काचेच्या आत. तिच्या भरतकामाचा वीतभर तुकडा सोडला, तर पेटीवर पुरेल एवढं कापड बाहेर नव्हतं.

तेव्हा तिने डोक्यावरची ओढणी ओढली.

तांड्याच्या नायकासमोर ही ओढणी कधी खांद्यावर आली नव्हती. उसाच्या फडात, बाजारात, नवऱ्याच्या मयतीतसुद्धा नाही. देविदासने आईचं डोकं जन्मात उघडं पाहिलं नव्हतं. रुख्मिणीबाईने ती ओढणी झटकली, पेटीवर टाकली आणि चारी बाजूंनी नीट खाली ओढली, अंगणात निजलेल्या लेकरावर टाकावी तशी. वाकल्यावर तिची सुरकुतलेली पाठ नाड्यांच्या गाठींसकट सगळ्या दालनासमोर उघडी पडली.

 मग एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. कॅमेरे लखलखले. "हे कार्यक्रमात होतं का?" तज्ज्ञाने कौतुकाने विचारलं.

रुख्मिणीबाई सरळ दाराकडे चालू लागली. ना पिशवी घेतली, ना चपला. फोटोवाले तिच्या पाठीमागे धावले, कारण त्यांना पाठच हवी होती.

देविदासचे हात आपोआप कोटाकडे गेले. बटणं निघाली, एक बाही उतरली. आईच्या अंगावर तो कोट टाकायचा होता आणि दार दहाबारा पावलांवर होतं.

"ओढणी काढू नका हं," संयोजक बाई नोकराला सांगत होत्या. "अशीच राहू दे. फार बोलकी दिसतेय." त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. "राठोडसर, हीसुद्धा यादीत घेते. ही किती जुनी?"

देविदासने दाराकडे पाहिलं.

"ऐंशी वर्षं," तो म्हणाला आणि उतरवलेली बाही त्याने पुन्हा हातात घातली.