भरपाईच्या कुंड्या

देशाचा धूर शून्यावर आणायचा आराखडा त्यानेच लिहिला होता: कारखान्यांनी धूर खुशाल ओकावा, फक्त भरपाईला तितकी झाडे लावावीत. डॉक्टरांनी तंबी देऊनही त्याची गॅलरीतली सिगारेट सुटत नव्हती, तेव्हा बायकोलाही त्याने तोच तोडगा ऐकवला.

“प्रत्येक सिगारेटमागे एक कुंडी लाव, की फिटंफाट!”

आठवड्याच्या दौऱ्यावरून परतताच त्याने आसुसून गॅलरीचे दार उघडले. कठड्यापर्यंत कुंड्याच कुंड्या होत्या. पाऊल टेकायला जागा नव्हती.

“अगं, एवढ्या?”

“या फक्त गेल्या महिन्याच्या.”

“मग मी उभा कुठे राहू?”



“अहो, तुमच्या आराखड्यात बघा ना. माणसांनी कुठे राहायचं, ते लिहिलं असेलच की!”